पाऊणकी

रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुलावरून वाळूत उतरलो तेव्हा पाठीवर अकरा किलोंची सॅक होती आणि डोक्यात फाजील आत्मविश्वास. तिथून आंबोळगडापर्यंत, जमेल तितका किनारा धरून, पाच दिवस चालायचं होतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला. उन्हात चालायची भीती नाही. समुद्राशी आमचा संबंध म्हणाल तर शाळेच्या भिंतीवरचं दांडीयात्रेचं चित्र. १९३० साली २४ दिवस चालून समुद्र गाठणारा तो साठीतला माणूस पुढे १९३६ मध्ये आमच्याकडे सेवाग्रामला राहायला आला, एवढाच.

बाबांशी मी धड बोलत नव्हतो. स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न फसल्यावर मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती. शेतात कापसाची वेचणी सुरू, मजूर मिळेनात, आणि मी निघालो चालायला. ते काहीच बोलले नाहीत. कापसाच्या गाठोड्यावर बसून तंबाखू मळत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पहिल्याच संध्याकाळी पावसच्या अलीकडे फसलो. डोंगराचा एक कोपरा समुद्रात घुसला होता, त्याच्या पायथ्याच्या खडकांवरून पलीकडे जाऊ म्हटलं. अर्ध्यात पोचलो तर मागची वाट पाण्याखाली. आमच्या नदीला पूर येतो तो आवाज करत, गढूळ होऊन येतो. हे पाणी गुपचूप आलं. गुडघ्यापर्यंत भिजून, हात खरचटून कसाबसा वर चढलो. वर कालवं काढून घरी निघालेली एक मावशी उभी होती.

"भरती लागलेली दिसत नाय? आज अष्टमी म्हणून वाचलास. पुनव असती तर?"

मग तिने हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. रोज साधारण पाऊण तास पुढे.

भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं. तिथीही मिळते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी फोन लावला.

"बाबा, आज तिथी कोणती?"

पलीकडे शांतता. मग कालनिर्णयाचं पान फडफडलं. "नवमी. काऊन?"

मी कारण सांगितलं. मोबाइलवर नऊ गुणिले पाऊण करायला घेतलं, तोवर ते म्हणाले, "पावणेसात. म्हणजे एकच्या सुमारास पाणी खाली." आजोबांनी लहानपणी छडी घेऊन पाठ करून घेतलेली पाऊणकी! तीन वर्षं अंकगणिताचे क्लास लावलेला मी गप्प बसलो.

मग हे रोजचंच झालं. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. ओहोटीच्या आगेमागे मी वाळूवरून चालायचो, पाणी चढलं की सड्यावर. वरचा काळा कातळ आणि पिवळं गवत बघून तर मे महिन्यातलं आमचं माळरानच आठवायचं. पूर्णगडाशी मुचकुंदी समुद्राला मिळते, तो पूल ओलांडला. गावखडीच्या सुरूच्या बनात एक दुपार नुसता झोपलो. कशेळीला कनकादित्याच्या देवळात पायांचे फोड मोजले, सात निघाले.

फोनवर बाबा आता तिथीच्या पुढेही जायला लागले. वाळूत पाय किती रुततो? खारं वारं लागून झाडं जळत नाहीत काय? एकदा जरा चाचरत विचारलं, "पलीकडचा काठ खरंच दिसत नाही?" बासष्ट वर्षांच्या या माणसाने समुद्र पाहिलेला नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं.

परीक्षेबद्दल ते बोलले नाहीत. मीही नाही.

पाचव्या दिवशी, द्वादशीला, आंबोळगडच्या किनाऱ्यावर सॅक उतरवून बूट काढत होतो. सव्वातीनला फोन वाजला. या वेळी त्यांनीच लावला होता.

"आता पाणी साऱ्यात खाली असन नं?"

मी पाहिलं. सकाळी बुडालेले खडक शेवाळासकट उघडे पडले होते.

"हो बाबा."

"हं." थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग म्हणाले, "दोन एकर वेचायचं राहिलं आहे अजून."

"परवा पोचतो," मी म्हटलं.