भाजणे : ओळख आणि उपाय

आपल्या मायबोलीत अग्नीच्या उपद्रवास शब्दांची वाण नाही. चटका बसतो, हात पोळतो, अंग भाजते आणि वणव्यात सापडलेला प्राणी होरपळतो. बोलताना हा तरतमभाव आपण सहज पाळतो. उपचार करताना मात्र तो विसरून सर्वांवर एकच लेप थापतो. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस या विषयावर चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विल्हेल्म फाब्री या जर्मन शस्त्रवैद्याने १६०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भाजण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आजचे डॉक्टरही पायऱ्यांनीच विचार करतात. पहिलीत वरची कातडी लाल होऊन चुरचुरते. फोड येत नाही व सुमारे आठवड्यात आराम पडतो. दुसरीत फोड येतात, जागा ओलसर व अतिशय दुखरी होते. जखम वरवरची असल्यास दोन-तीन आठवड्यांत भरते, खोल असल्यास व्रण राहतो. तिसरीत कातडी संपूर्ण जळून पांढरी, तपकिरी वा काळी आणि चामड्यासारखी ताठ होते. नवल असे की, संवेदनेचे तंतूच जळाल्यामुळे तेथे वेदना जवळजवळ नसते. तेव्हा रडण्यावरून दुखापतीचे माप घेऊ नये. दुखत नाही ही कित्येकदा भयाचीच खूण होय.

उपाय सोपा आहे. भाजल्याबरोबर त्या जागी नळाचे थंड वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. ३ तासांच्या आत केले तरी त्याचा गुण येतो. बर्फ लावू नये. त्याने कातडीस नवी इजा होते. मूल लहान असल्यास बाकीचे अंग उबदार ठेवावे. सूज येण्यापूर्वीच बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. चिकटलेले वस्त्र ओढू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ कापडाने जागा सैलसर झाकावी. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी जखम झाकली जाते, ती चिघळण्याचा संभव वाढतो आणि ते खरवडून काढताना रोग्यास दुप्पट यातना होतात.

रोग्याचा स्वतःचा तळहात, बोटांसह, त्याच्या शरीराचा सुमारे १ टक्का असतो. फोड आलेली जागा याहून मोठी असल्यास, तिसऱ्या पायरीची थोडीही खूण दिसल्यास, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुह्यभाग भाजल्यास, अथवा विजेने वा तेजाबाने इजा झाल्यास घरी थांबू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

परंतु एवढे ज्ञान असूनही एक अडचण उरते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलीच्या मनगटावर सकाळी चहाचे आधण सांडले. घरी बोलणी बसतील या धास्तीने ती कोणासही न सांगता ओढणीखाली हात झाकून वर्गात बसली. मधल्या सुट्टीत लिहिताना तिचा हात थरथरतो हे आमच्या ध्यानी आले, तोवर पाण्याची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांच्या उपचाराने जखम भरली. व्रण मात्र राहिला. चहा सांडला म्हणून कोणी तिला मारले असते असे नव्हे. केवळ भीतीनेच ते तीन तास गिळले.

पालकांस आमची नम्र विनंती एवढीच की, मूल भाजले असता आधी पाणी द्यावे, मग हवा तर उपदेश करावा. आणि बालमित्रहो, दूध सांडले, पातेले पालथे झाले, तरी ती गोष्ट लपवू नका. सांडलेले दूध उद्या पुन्हा मिळेल. गेलेली वेळ मिळत नाही.