पटकथा शिकायला अमळनेरला!

जळगाव म्हटले की लोकांना केळी आठवतात, कापूस आठवतो, सोन्याच्या पेढ्या आठवतात आणि हिवाळा असला तर वांग्याचे भरीत. चित्रपट मात्र कुणालाही आठवत नाही. पटकथा शिकायची तर मुंबई गाठावी, नाहीतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा द्यावी, असा आपला सर्वांचा समज. तो चुकीचा आहे असे नाही. पण त्या वाटेला लागण्यापूर्वी जळगावाहून सुरतेकडच्या गाडीत बसावे आणि अमळनेरला उतरावे, असे माझे मत आहे. गेल्या हिवाळ्यात ते मी एका गिऱ्हाइकावर अजमावून पाहिले.

गिऱ्हाईक म्हणजे माझा भाचा. वय बावीस, घरची केळीची बाग आणि डोक्यात सिनेमा. "मी पटकथा लिहिणार," असे त्याने जाहीर केले त्या दिवसापासून आमच्या दाजींनी त्याच्याशी बोलणेच टाकले होते. शेवटी ताईने त्याची वही माझ्याकडे पाठवली. "तूच बघ बाबा, पोराच्या हातात काही आहे का!"

वहीत वादळाने आडव्या झालेल्या बागेची गोष्ट होती. विषय घरचा, कळकळ खरी. पण पानोपानी वाक्ये अशी : 'शेतकरी आतून पार खचला आहे.' 'त्याला जुने दिवस आठवतात.' मी विचारले, "अरे, हे पडद्यावर दिसणार कसे?" स्वारी गप्प. मी म्हटले, "चल, अमळनेरला जाऊन येऊ."

जळगाव सुटले, पाळधी गेले, बालकवींचे धरणगाव आले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, मधूनच पांढरा कापूस. डब्यात अहिराणीला ऊत आलेला. "कोठे जाई राहिना भाऊ?" समोरच्या म्हाताऱ्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता आपलीच हकीकत सुरू केली. बैल विकल्याला महिना झाला होता म्हणे. तरी पहाटे जाग येते आणि वैरणीची पेंढी घेऊन आपण रिकाम्या गव्हाणीपाशी जाऊन उभे राहतो! 'वाईट वाटते' हा शब्द म्हाताऱ्याने एकदाही उच्चारला नाही. मी भाच्याला कोपराने हळूच ढोसले.

अमळनेर हे बोरी नदीच्या काठचे गाव. सखाराम महाराजांमुळे वारकऱ्यांचे, प्रताप मिलमुळे गिरणीचे, तत्त्वज्ञान मंदिरामुळे पंडितांचे. आणि आजची विप्रो १९४५ साली वनस्पती तुपाचा धंदा म्हणून जन्मली तीही इथेच. आम्हांला ओढ होती ती प्रताप हायस्कूलची. पांडुरंग सदाशिव साने १९२४ ते १९३० या काळात इथे शिक्षक होते. वसतिगृह सांभाळीत, मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. साने मास्तरांचे साने गुरुजी झाले ते याच गावात.

गुरुजी कोकणातले, पालगडचे, आणि समोर बसणारी पोरे खानदेशची. ज्यांनी माड पाहिला नाही, समुद्र पाहिला नाही, त्यांच्यापुढे आपले गाव उभे करायचे तर नुसती विशेषणे कामाला येत नाहीत. विहीर, धोंडा, फूल, भाकरी अशा वस्तूच पुढे ठेवाव्या लागतात. पटकथेची पहिली यत्ता ती हीच, असे मला वाटते.

दुसरी यत्ता धुळ्याची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. त्यातूनच 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच लयीत कागदावर उतरवायचे, स्वतःचा सूर मध्ये येऊ द्यायचा नाही! संवाद लिहिणाऱ्याला याहून चांगली तालीम कुठली मिळणार?

मग १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, 'श्यामची आई'चा बराचसा भाग अवघ्या काही दिवसांत लिहून झाला. पुस्तक निघाले १९३५ साली.

शाळेसमोरच्या झाडाखाली बसून मी भाच्याला त्यातला 'थोर अश्रू' वाचायला लावला. न्हाऊन निघालेल्या श्यामचा हट्ट, की ओले पाय मातीत मळता कामा नयेत. आई धोंड्यावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरते. पोरगा त्यावर पाय ठेवून पुढे जातो. मनही असेच स्वच्छ ठेव, हे आईचे सांगणे त्यानंतर येते. म्हणजे आधी पाय, ओला धोंडा, लुगडे, शिकवण मागाहून. तीच आधी आली असती तर नुसता उपदेश झाला असता!

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली या पुस्तकाचा बोलपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली त्याला मिळाले. सुजय डहाके यांनी २०२३ साली तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल. पुस्तकात रात्री बेचाळीस आणि पडद्यावर वेळ दोन-तीन तासांचा. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, ही तिसरी यत्ता. पुस्तकातला श्याम आपल्या मनातले बोलून दाखवतो; कॅमेऱ्याला मन दिसत नाही, हात दिसतात.

दुपारी शेवभाजी खाताना घाम पुसत पुसत भाच्याने वही काढली आणि 'आतून पार खचला आहे' या ओळीवर काट मारली. त्या जागी लिहिले : 'तो आडव्या बागेत शिरतो. पडलेले घड एकेक करून मोजतो. मग खिशातून कर्जाची चिठ्ठी काढतो, नीट घडी घालतो आणि घरी येऊन घड्याळामागे ठेवतो.'

पुढे महिनाभराने ताईने आग्रह धरला म्हणून त्याने ती पाने दाजींना वाचून दाखवली. दाजी सुपारी कातरत बसले होते. वाचन संपले तरी बराच वेळ बोलले नाहीत. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "घड्याळामागे नाही रे. देव्हाऱ्यात ठेवली होती."

भाच्याने पेन्सिल घेतली आणि तेवढे दुरुस्त केले.