बंड्याचं नाक

लव्हबर्ड म्हणून आपल्याकडे जे विकले जातात ते बहुतेक बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांच्यातला नर-मादी पिसांच्या रंगावरून कळत नाही. बघायचं ते नाक, म्हणजे चोचीच्या वरची मांसल पट्टी. मोठ्या नराची गडद निळी असते. मादीची पांढरट, आणि अंड्यावर आली की तपकिरी, खरबरीत. पिल्लांत मात्र उलटंच वाटावं असा प्रकार: नराचं नाक गुलाबी-जांभळट, तर मादीचं फिकट निळसर, नाकपुड्यांभोवती पांढरी कडा असलेलं.

दुकानदाराने त्या निळसर छटेवरच ‘जोडी’ म्हणून आम्हाला दोन माद्या दिल्या. पिंजऱ्यात मटका टांगला आणि त्यावरून दोघींची अशी जुंपली की एकीच्या बोटातून रक्त आलं. मटका त्याच दिवशी काढला. मग बंड्या आणला. हिरवा, वयात आलेला, नाक शाईसारखं निळं. दिवसभर बडबड करायचा, घुंगराला दाणे भरवायचा.

काही वर्षांनी त्याच्या निळ्या नाकावर तपकिरी झाक दिसू लागली. पाहुणे म्हणत, ‘‘अहो, ही तर मादी निघाली!’’ मला ते पटेना. ज्याचं नाक इतकी वर्षं निळं होतं, तो मादी कसा होईल? त्यातच तो एका पायाने लंगडू लागला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी पोट हलक्या बोटांनी चाचपलं, एक्स-रे काढला. वृषणात गाठ होती. अशा काही गाठींमुळे नराच्या शरीरात मादीचं संप्रेरक वाढतं, म्हणून नाकाचा रंग पालटतो. पक्ष्यांची वृषणं पोटात, मूत्रपिंडालगत असतात. गाठ वाढली की पायाची नस दाबली जाते. ‘‘नाक बघून आणलंत ते बरं केलंत,’’ डॉक्टर म्हणाल्या. औषधांनी बंड्याला आराम पडला, तो पुढे बराच काळ आमच्यात राहिला. दांडीवर पाय टिकेना तेव्हा पिंजऱ्याच्या तळाशी मऊ फडकं अंथरलं. माद्या खाली उतरून त्याच्याशेजारी बसत.

आता शेजारच्या काकूंकडे पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा बजरीगर आलाय. अशा पक्ष्यांत नराचं नाक मोठेपणीही गुलाबीच राहतं, निळं होतच नाही. म्हणून पिसं डीएनए तपासणीला पाठवायला सांगितली. पक्ष्यांत वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, झेड आणि डब्ल्यू. नराकडे दोन्ही झेड. अहवाल आला: मादी. काकूंनी त्याच संध्याकाळी पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवला. एकटी असली तरी ती अंडी घालू शकते, आणि कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आत अडकून जीव जातो.