तिसरी

लखनौतल्या आमच्या घरमालकांना मी चचा म्हणते. त्यांच्या आजोबांची विंचेस्टर, 1873 चं मॉडेल. चापाभोवतीची कडी पुढे ढकलून परत ओढली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. घरात दुनळी आणि रिव्हॉल्व्हरही. 2019 च्या कायदादुरुस्तीनं माणशी दोनच ठेवता येतात. तिसरी वर्षभरात जमा करायची. काडतुसं मिळत नाहीत म्हणून हीच काढायची ठरली. दुकानदार म्हणाला, घेणाऱ्यांनाही दोनचीच मर्यादा, भाव कुठला!

अर्जाचं इंग्रजी मी केलं. चचांच्या उर्दूत ‘दादाजान की निशानी’ होतं. (मराठीतही निशाणीशेजारी निशाणा असतोच.) फॉर्मात रकाने तीन: प्रकार, बोअर, नंबर. सही करून चचांनी विचारलं, “बेटा, निशानी कहाँ लिखा?”