कुर्ल्याची मोटार, लखनौचे पाणी

परप्रांती बदलून आलेल्या मराठी माणसास डॉक्टर लौकर सापडतो, वाणीही सापडतो. चांगला मोटार-मिस्त्री मात्र पूर्वपुण्याईनेच लाभतो.

आमच्यापाशी वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही मोटार आमच्या बदल्यांबरोबर हिंडत लखनौस आली. तिचे उत्पादन थांबून पंचवीसेक वर्षे लोटली. ती विकून टाकावी असा मुलांचा आग्रह. दोन वर्षांनी निवृत्त होताच तिच्यातूनच साताऱ्यास परतावे हा आमचा मनोदय. वाट लांबची आहे. या वादाचा निकाल गेल्या मे महिन्यात हज़रतगंजात लागण्याची वेळ आली.

ज्या अमजद अली शाहांना लोक 'हज़रत' म्हणत आणि ज्यांच्यावरून या पेठेस नाव मिळाले, त्यांच्या सिब्तैनाबाद इमामबाड्यासमोरच मोटारीने वाफ सोडली. जागा तिने खानदानी निवडली, एवढे म्हटले पाहिजे. गार झाल्यावर तिला जवळच्या लालबागेत, सुट्या भागांच्या बाजारात, ओढून नेले.

वृद्ध मिस्त्रींनी रेडिएटरची तोटी सोडली तेव्हा विटकरी पाणी वाहिले. आमच्या वडिलांच्या पिढीचा सारा भरवसा नळाच्या पाण्यावर. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, डबा हाती घेऊन उभे राहणे हा त्या काळी प्रवासाचाच भाग होता. परंतु चहाच्या पातेल्यात बसतो तोच क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. शिवाय लोखंड, तांबे, पितळ आणि डागाचे शिसे एकाच पाण्यात नांदू लागले की गंज आलाच.

"हुजूर, डाग देऊन महिना निघेल, सातारा नाही निघणार," मिस्त्री म्हणाले. जुन्यास पुन्हा डाग द्यावा, मापाचा ॲल्युमिनियमचा बनवावा, की तांब्याचाच नवा बसवावा? ॲल्युमिनियम हलके खरे. पण ते फुटले तर वाटेतल्या गावी डाग देणारा सहसा मिळत नाही. आम्ही तांब्याचा पक्ष घेतला. तो मिळण्यास अठरा दिवस लागले. तेवढ्या अवधीत घरी 'विकून टाका' हे शब्द किती वेळा ऐकले, ते न सांगणे बरे.

कूलंट हा थंड मुलखांचा शोध म्हणून ओळखला जातो. पाणी गोठण्याइतकी थंडी लखनौत सहसा पडत नाही. येथे त्याचे काम निराळे. ग्लायकॉल व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांवर उकळते, आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूंस सांभाळतात. मिस्त्रींनी आधी एंजिन स्वच्छ पाण्याने तीनदा धुतले, मगच हिरवे मिश्रण ओतले. झाकण उघडे ठेवून एंजिन चालू केले. थर्मोस्टॅट उघडताच बुडबुडे आले, पातळी खाली गेली, पुन्हा भरणे झाले. चार थेंब सांडले ते त्यांनी तत्काळ धुऊन टाकले. हा द्रव चवीला गोड व विषारी असतो, आणि गल्लीतले कुत्रे जवळच पहुडले होते.

जुना रेडिएटर घरी न्यावा असे आमच्या मनात होते. मिस्त्रींनी त्याच्या पितळी टाक्यांवर टिचकी मारली. कानपूरहून एक पद्मिनी यायची आहे, तिला या लागतील, म्हणाले. आम्ही देऊन टाकल्या.