जुन्या पिकअपची ओळख

कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन बोलेरो पिकअप आठ वर्षांनी एकसारख्या राहत नाहीत. एकीने रत्नागिरीच्या बंदरावरून मासळी वाहिली असेल, तर बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून झिरपून चासीला गंज चढलेला असतो. दुसरी वीटभट्टीवर राबली असेल, तर तिचे मागचे पाटे बसलेले असतात, आणि एअर फिल्टरची हयगय झाली असेल तर धुळीने सिलिंडर आतून खरवडलेले असतात. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने मॉडेलच्या माहितीवर थांबू नये असं मला मनापासून वाटतं. मॉडेल कंपनीने घडवलं. दारात उभी असलेली गाडी मात्र तिने वाहिलेल्या ओझ्याने आणि आधीच्या चालकाच्या पायाने घडवली आहे.

यावर कुणी म्हणेल, घेतानाच मेकॅनिकला दाखवली, कागद तपासले, कर्जाचा बोजा उतरवला, आता ओळख कसली? कागद हवेतच. पण आरसीवर मालकांची नोंद असते, ओझ्याची नसते. आठ वर्षांनंतर दरवर्षी होणारं पासिंगही त्या दिवसापुरतं बोलतं. मेकॅनिकचं म्हणाल तर, त्यालाही सगळं दिसत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६ ते १८ पट दाबली जाते, त्याने ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रिंगा झिजल्या की दाब निसटतो, आणि हे सगळ्यात स्पष्ट कळतं ते गारठलेल्या पहाटे: इंजिन पकडायला वेळ लागतो, पांढरा धूर येतो. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर तासाभराच्या तपासणीत ही पहाट येतच नाही. ती फक्त मालकाच्या वाट्याला येते. घाट उतरून पुन्हा रेस दिल्यावर निळसर धूर निघाला, तर ऑइल जळतंय. चढाला माल भरलेला असताना काळा धूर आला, तर हवा कमी पडतेय किंवा नोझल बिघडलेत. पांढरा धूर थांबतच नाही आणि रेडिएटरचं पाणीही घटतंय, तर हेड गॅसकेटकडे बघावं.

मग एकदम सगळं इंजिनच बांधून घ्यावं, हा दुसरा आक्षेप. ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याला हा मार्ग सुरक्षित वाटणं मी समजू शकतो. पण नेमकं काय झिजलंय हे कळण्याआधी इंजिन उघडलं, तर धड असलेले भागही खर्चात जातात, आणि दोष डिझेलच्या पंपात असेल तर तो तसाच राहतो. ऑइल आणि फिल्टर तेवढे पहिल्याच दिवशी बदलावेत. त्यानंतर डिपस्टिकवर पातळी किती उतरते, याला अर्थ येतो. पुढचे काही आठवडे गाडी अर्ध्या मालावर चालवावी, आवाज ऐकू यावेत म्हणून रेडिओ बंद ठेवावा, आणि खंबाटकी घाटासारख्या चढावर क्लच घसरतो का हे पाहिल्याशिवाय पूर्ण भरतीचं भाडं घेऊ नये.