जरा सरकून घ्या

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी मुंबईच्या लोकलने कॉलेज किंवा नोकरी केली आहे, त्यांना 'चौथी सीट' म्हणजे काय ते सांगायला नको. तिघांच्या बाकावर चौथा येतो, "जरा सरकून घ्या" म्हणतो, आणि आधीचे तिघे न बोलता दोन-दोन बोटं सरकतात. चौथ्याला जेमतेम टेकण्यापुरती जागा मिळते, पण मिळते. ज्यांचा जन्म इथे इंग्लंडात झाला, त्या तरुण वाचकांनी हा प्रकार आईबाबांना विचारावा. ते मोठ्या हौसेने सांगतील. मी चार वर्षं ठाण्याहून माटुंग्याला कॉलेजात जात होतो. त्या प्रवासाने आमच्या पिढीला एक गोष्ट पक्की शिकवली: मनात आणलं तर जागा होते.

माणसांच्या बाबतीत हे खरं आहे. माणूस पोट आत घेतो, पिशवी डोक्यावर धरतो, एका पायावर उभा राहतो. व्हीलचेअरला यातलं काहीच जमत नाही. मी जन्मभर यंत्रअभियांत्रिकी शिकवली, म्हणून मोजमापाच्या भाषेत सांगतो. ब्रिटनमध्ये बससाठी 2000 साली जे नियम झाले, त्यांप्रमाणे व्हीलचेअरची जागा किमान 1300 मिलिमीटर लांब आणि 750 मिलिमीटर रुंद असावी लागते. नियमात गृहीत धरलेली खुर्ची 1200 मिलिमीटर लांब आणि 700 रुंद आहे. म्हणजे खुर्ची मध्यावर उभी केली, तर दोन्ही अंगांना अडीच अडीच सेंटिमीटर उरतात. तिथे कुणी 'ॲडजस्ट' करायचं आणि काय?

शिवाय ती जागा म्हणजे केवळ मोकळी फरशी नव्हे. शहरातल्या बहुतेक बसमध्ये खुर्ची बसच्या मागच्या बाजूला तोंड करून, पाठीमागे गादी लावलेल्या फळीला टेकवून उभी करतात. विजेवर चालणारी खुर्ची आणि तिच्यातला माणूस यांचं वजन मिळून सहज दीडशे किलो भरतं. ड्रायव्हरने अचानक ब्रेक दाबला, की एवढं वजन पुढे जाऊ बघतं आणि त्याला अडवते ती फळी. म्हणून "तिकडे दाराजवळ उभी करा की" हा उपाय होत नाही. बहुतेक बसमध्ये अशी जागा एकच असते. तुमच्या-माझ्यासाठी पंचवीस-तीस आसनं, वरचा मजला आणि धरून उभं राहायला दांडे असतात. व्हीलचेअरवाल्याला ती एकच जागा.

हे आकडे मी पाठ केले ते सहा वर्षांपूर्वी, माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आल्यानंतर. तिची डावी बाजू अजून साथ देत नाही. विजेची खुर्ची ती उजव्या हाताने चालवते, आणि चांगली चालवते. दर मंगळवारी ती बसने गावातल्या ग्रंथालयात जाते. तिथे त्यांचा विणकामाचा गट आहे. मी सोबत गेलेलं तिला खपत नाही. "अहो, तुम्ही बरोबर असलात की लोक माझ्याशी बोलतच नाहीत, तुम्हाला विचारतात, यांना चहा चालेल का?" हे तिचं म्हणणं. तेव्हा मंगळवारी मी घरीच असतो.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एकदा मात्र मी बरोबर होतो. इस्पितळातून परत येत होतो, पाऊस होता, चार वाजताच अंधारलं होतं. पहिली बस आली. त्या जागेत दोन बाबागाड्या होत्या. ड्रायव्हरने मागे वळून एकदा विचारलं, "व्हीलचेअर आहे, कुणी जागा करून देईल का?" कुणी मान वर केली नाही. त्याने आमच्याकडे बघून हात पसरले, "सॉरी लव्ह, पुढची बस बघा," आणि दार लावलं. पुढच्या बसमध्ये आधीच एक व्हीलचेअर होती. तिच्यातल्या गृहस्थांनी हिला हात केला, हिनेही हसून केला. तिसऱ्या बसने आम्ही घरी आलो. पन्नास मिनिटं गेली. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पुढच्या मंगळवारी म्हणाली, "आज नको जायला, थंडी आहे." त्याच्या पुढच्या मंगळवारी लोकर संपली होती. असे सहा मंगळवार गेले.

वाचकहो, या लेखात मला जे सांगायचं आहे ते त्या सहा मंगळवारांबद्दल आहे. पन्नास मिनिटं पावसात उभं राहणं हा त्रास खरा, पण तो पुसून टाकता येतो. भरल्या बसमध्ये, चाळीस माणसांच्या देखत, आपल्यासाठी कुणीतरी जागा मागतो आणि ती मिळत नाही, हे मात्र आत बसतं. त्यानंतर माणूस मागणंच सोडून देतो. बाहेर पडणं कमी करतो. आणि आपण म्हणतो, अलीकडे दिसत नाहीत हो त्या कार्यक्रमांना.

या देशात हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 24 फेब्रुवारी 2012 रोजी डग पॉली नावाचे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला बसने निघाले होते. पुढे त्यांना गाडी पकडायची होती, आईवडिलांबरोबर जेवायचा बेत होता. व्हीलचेअरच्या जागेत एक बाई बाबागाडी घेऊन होत्या, मूल झोपलेलं होतं. ड्रायव्हरने विनंती केली. बाईंनी सांगितलं, बाबागाडीची घडी होत नाही. पॉली म्हणाले, मी माझीच खुर्ची घडी करून साध्या आसनावर बसतो. पण घडी केलेली खुर्ची बांधून ठेवायची सोय नाही म्हणून ड्रायव्हरने तेही नाकारलं. बस गेली, आणि त्यांची गाडीही चुकली.

त्या बसमधल्या पाटीवर लिहिलेलं होतं, की व्हीलचेअरसाठी लागली तर कृपया ही जागा सोडा. सगळं भांडण या 'कृपया'चं. कंपनीचं धोरण विनंती करण्यापुरतं होतं. समोरच्याने नाही म्हटलं की विषय संपला. लीड्सच्या न्यायालयाने पॉलींना 5,500 पौंडांची भरपाई मंजूर केली. 2014 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. 18 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही. नकार अवाजवी वाटला तर ड्रायव्हरने स्पष्ट शब्दांत जागा सोडायला सांगावं, आणि गरज पडल्यास काही मिनिटं बस थांबवून ठेवावी, म्हणजे अडून बसलेल्या माणसाला लाज वाटेल. भरपाई मात्र चार विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली.

हा निकाल मी संपूर्ण वाचला आहे. तो समंजस आहे, पण शेवटी त्याचा भर लाजेवर आहे. कायदा कुणाला हाताला धरून उठवू शकत नाही, असंच न्यायालयाला म्हणावं लागलं. उरलेलं काम बसमधल्या माणसांवर, म्हणजे आपल्यावर आहे.

इथे बाबागाडीवाल्या आयांची बाजूही मांडली पाहिजे, कारण आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत बाबागाडी आहे. झोपलेलं मूल उचलायचं, खाली टोपलीत ठेवलेलं सामान काढायचं, गाडीची घडी करायची, आणि हे सगळं हलत्या बसमध्ये एका हाताने. हे सोपं नाही. पण एक इतिहास माहीत असावा. पूर्वी बसला पायऱ्या असत आणि बाबागाडी घडी करूनच आत न्यावी लागे. 1990 च्या दशकात लंडनमध्ये अपंग कार्यकर्त्यांनी स्वतःला बेड्यांनी बसला अडकवून घेतलं, रस्ते अडवले. 1995 साली अपंगांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, 2000 साली बसचे नियम आले. लंडनची ती मागून उघडी असलेली प्रसिद्ध रूटमास्टर डिसेंबर 2005 मध्ये नेहमीच्या मार्गांवरून निवृत्त झाली. आज बाबागाडी न उचलता, न मोडता थेट बसमध्ये ढकलता येते, ती त्या लोकांनी भांडून मिळवलेल्या सपाट फरशीवरून. त्यांची जागा रिकामी असताना आपण जरूर वापरावी. ती तशी वापरायला मुभाच आहे. ते आले की ती त्यांची.

म्हणून 'मी त्यांना जागा दिली' हे वाक्य मला खटकतं. जे आपलं आहे ते आपण देतो. त्यांची जागा आपण फक्त मोकळी करतो.

आणि मोकळी करण्याचं काम एकट्या आईचं नाही. याच वसंतातली गोष्ट. मंगळवारी ही बसमध्ये चढायला निघाली तर त्या जागेत एक मराठी आजी होत्या. नातवाला थोपटत 'अडगुलं मडगुलं' चाललं होतं. ड्रायव्हर माईकवरून काहीतरी म्हणाला, ते त्यांना कळलं नाही. त्या घाबरून इकडे तिकडे बघू लागल्या. हिने खालूनच मराठीत सांगितलं, "ताई, ही खुर्ची तिथे लावायची आहे, बाबागाडी जरा काढाल का?" "अगं बाई, मला काय ठाऊक!" म्हणून त्या ताडकन उठल्या. पण एकटीला घडी जमेना. तेव्हा शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीने बाबागाडी मिटून दिली, एका पंजाबी बाबांनी आपलं आसन सोडलं, आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या. दोन मिनिटांत सगळं झालं. उरलेला प्रवास दोघींनी नाशिकच्या गप्पांत घालवला, आणि त्या आजी आता लोकर निवडायला मंगळवारी ग्रंथालयात येतात.

लोकलमधली चौथी सीट ही अशीच. तिथे एकच माणूस अख्खा उठत नाही, तिघे थोडे थोडे सरकतात. खुर्चीला आकसता येत नाही, पण भोवतालच्या चाळीस जणांना येतं. आपल्याला हे शिकवायची गरज नाही, फक्त इथल्या बसमध्ये चढताना ते दाराबाहेर ठेवून येऊ नये.

तेव्हा काही मागणी करतो. प्राध्यापकाची सवय, क्रमाने सांगतो.

भारतातून नातवंडं सांभाळायला येणाऱ्या आईवडिलांना पहिल्याच आठवड्यात बसने फिरवून आणा. निळ्या चित्राची ती जागा दाखवा, बाबागाडीची घडी त्यांच्याकडून दोनदा करवून घ्या. इथल्या ड्रायव्हरचा उच्चार आम्हालाच अजून नीट कळत नाही, त्यांना कुठून कळणार?

तरुण आईबाबांनो, बाबागाडी घेताना रंगाआधी घडी बघा. एका हाताने मिटते ना, एवढं दुकानात करून पाहा.

मुलांनो, तुमच्या कानात काहीतरी खुपसलेलं असतं, म्हणून डोळे उघडे ठेवा. थांब्यावर व्हीलचेअर दिसली की बस थांबायच्या आत उठा. वरच्या मजल्यावर जा. कुणी विचारायची वाट बघू नका, कारण विचारायची वेळ आली की खाली उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकावं लागतं. आणि बोलायचं असेल तर खुर्चीतल्या माणसाशी बोला, सोबतच्याशी नको. न विचारता खुर्चीला हात लावू नका.

आम्हा साठी-सत्तरीच्या मंडळींनाही एक विनंती. आपला फुकटचा पास सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि साडेनऊच्या बसमध्ये आपलंच संमेलन भरतं. गुडघे दुखत नसतील त्यांनी दाराजवळची आसनं सोडून आत बसावं, म्हणजे मूल घेऊन उठणाऱ्या आईला टेकायला जागा राहील.

शेवटची गोष्ट मंडळाची. आपण गणपतीला जो शाळेचा हॉल घेतो, त्याला बाजूच्या दाराशी उतार आहे. दरवर्षी आरतीच्या वेळेला त्या उतारावर दीडशे चपलांचे जोड आणि सात-आठ बाबागाड्या असतात. कुणाच्या मनात काही वाईट नसतं, सोयीची जागा दिसली की सामान ठेवलं जातं. यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला कार्यकारिणीने चपलांसाठी वेगळी चटई पुढच्या दाराशी टाकायचं कबूल केलं आहे. तुम्ही फक्त तिच्यावर चपला काढा. आमच्या घरून आम्ही दोघं येणार आहोत, चकल्या घेऊन. त्या तिच्या देखरेखीखाली मी केलेल्या आहेत, तेव्हा मोडल्या तर सांभाळून घ्या.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.